तारीख मधोमध

९ जानेवारी २०२४

पाट्या रंगवणारे पेंटर यांस,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र गेले सात महिने तुमच्या वाटचे फोन उचलते आहे, रोज तीस-पस्तीस.

मी बाळंतपणं करते. शिक्षण नर्सिंगचं, पण सगळे सुईणबाई म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. जूनमध्ये आरोग्य केंद्राने मला हा नंबर दिला आणि दीडशे गरोदर बायकांच्या कार्डांवर छापला. दुसऱ्याच दिवशी पहिला फोन आला. मी म्हटलं, कळा सुरू झाल्या का? पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, नाही, मी ओ निगेटिव्ह आहे, कुठल्या वॉर्डात येऊ?

मग त्यांना आलेला मेसेज मागवून बघितला. डोक्याला पट्टी, एका वेणीची रिबीन सुटलेली, अशी एक मुलगी. खाली लिहिलंय: 'सात वर्षांच्या मुलीला अपघात. ओ निगेटिव्ह रक्त आजच हवंय. कृपया पुढे पाठवा.' त्याखाली माझा, म्हणजे पूर्वीचा तुमचा, नंबर. तारीख कुठेच नाही. त्यामुळे ज्याला जेव्हा मिळतो त्याच्यासाठी तो 'आज' आजच असतो.

परवा एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. त्यांनी मुलीला ओळखलं. आमच्या शाळेची पाटी रंगवणाऱ्या पेंटरची पोरगी, म्हणाले, अकरा वर्षं झाली असतील, पेंटर पुढे दुसरीकडे गेला. तुमच्या दुकानाचा पत्ता त्यांनीच शोधून दिला. एवढं माहीत असूनही मेसेज पुढे पाठवलात का, असं विचारलं, तर म्हणाले, हो, न जाणो.

फोनच केला असता, पण तुमचा नवा नंबर मास्तरांकडे नाही. माझा कधी मोकळा नसतो. ज्या बाईला कळा येतात तिला माझा फोन लागत नाही, आणि एक दिवस याचं काहीतरी भयंकर होणार आहे. मेसेज तुम्ही सोडलात, तुम्हीच थांबवा.

सुईणबाई

*

बाईसाहेब,

पत्र मिळालं. वाचलं. त्या दिवशी दंतवैद्यांच्या पाटीवरचा बाण शेजारच्या खाटकाकडे वळला. पुसून पुन्हा काढावा लागला.

मेसेज माझाच आहे, नाकारत नाही. पण तो आता माझ्या हातात राहिला आहे का? बाटलीतून सांडलेला रंग बाटलीत परत भरता येत नाही. माझा सल्ला ऐका, नंबर बदलून टाका. मी तेच केलं होतं.

त्या मुलीबद्दल मात्र मला काही विचारू नका. ती गोष्ट मी घरात काढत नाही, आणि दुसऱ्या कुणी काढली तर उठून बाहेर जातो.

तुमचा अपराधी,
पेंटर

*

२ फेब्रुवारी २०२४

पेंटरदादा,

तुमच्या पत्रावरही तारीख नाही. पोस्टाच्या शिक्क्यावरून कळलं की ते आठ दिवसांपूर्वीचं आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

पण आज भांडायला लिहीत नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. तुमची मुलगी गेली, हे मला आधी समजायला हवं होतं. ज्या बापाचं लेकरू गेलं त्याला मी फोनांचा हिशोब ऐकवला. मी रोज मुलं जन्माला आणते, पण कुणाचं गेलं की काय बोलावं ते मला अजून येत नाही. मला माफ करा.

नंबर मात्र बदलणार नाही. कार्डं छापलेली आहेत, बायकांना तो पाठ झाला आहे. आणि मी टाकला तर उद्या तो तिसऱ्याच्या गळ्यात पडेल. तो कदाचित रुग्णवाहिका चालवत असेल.

तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. मी बघते काय करायचं ते.

सुईणबाई

*

१२ फेब्रुवारी २०२४

ताई,

वर तारीख लिहिली आहे, बघा.

सगळ्यात आधी हे सांगतो: माझी मुलगी जिवंत आहे. घरात तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण चालायला लागायच्या आधी ती चढायला लागली. आता अठराव्या वर्षात आहे, माझ्याहून दोन बोटं उंच. तुमचं पत्र तिनेच उघडलं. वाचून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बाबा, मी गेले, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

मग तिने सगळं विचारलं आणि मला सांगावं लागलं. तुम्हालाही सांगतो.

मेसेजमध्ये मी 'अपघात' लिहिलं. कसला ते लिहिलं नाही. शाळेचीच पाटी होती. मी वरची ओळ संपवून शिडी न काढता चहाला गेलो. पोरीला वाटलं, बाबांचं शेवटचं अक्षर आपण काढू. ती ब्रश घेऊन चढली आणि शेवटच्या पायरीवरून पडली. डोक्याला खोक पडली, पोटात रक्तस्राव झाला. शिडी माझी होती, चहाही माझाच होता. अकरा वर्षांत मी तिला शिडीच्या आसपास फिरकू दिलेलं नाही.

त्या दिवशी चार बाटल्या हव्या होत्या. संध्याकाळपर्यंत चौदा माणसं आली, कधी न पाहिलेली. मी त्यांच्या पाया पडलो. तेव्हाच मेसेज टाकायला हवा होता की मिळालं, आता पुरे. बोटं तिथपर्यंत गेली आणि मनात आलं, पुरे म्हणायचं, आणि पहाटे पुन्हा लागलं तर? म्हणून थांबलो. उद्या लिहू, परवा लिहू. पोरगी घरी आली आणि राहूनच गेलं. पुढचे सहा महिने फोन येत राहिले. प्रत्येक फोनला मला ती शिडी दिसायची. शेवटी नंबर टाकून दिला. खरं सांगायचं तर मी पळालो.

आता भरपाई करतो. काल रविवारी 'हा मेसेज जुना आहे, मुलगी बरी आहे' असं लिहून, खाली तो जुना मेसेज जोडून, माझ्या सगळ्या गटांत टाकला. गिऱ्हाईकं, रंगवाले, सुतार, नात्यातले, सगळे. महिन्याभरात तुमचा फोन शांत होईल.

पेंटर

*

२६ फेब्रुवारी २०२४

दादा,

खारूताई आहे हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. शेजारीण विचारायला आली. तिला सांगितलं, एक मुलगी जगली. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी.

पुढचं वाचताना खाली बसा. काल मला एकशे चार फोन आले.

तुम्ही वर खुलासा लिहिलात आणि खाली जुना मेसेज जोडलात. लोकांनी वरचा खुलासा गाळला आणि खालचं तेवढं पुढे पाठवलं. पट्टी बांधलेली मुलगी दिसली की वरची ओळ कोण वाचतो? ज्यांनी तो मेसेज आयुष्यात कधी पाहिला नव्हता त्यांनाही तो आता मिळाला. तुम्ही आग विझवायला गेलात आणि तेल ओतून आलात.

आणि मी जे भयंकर म्हणत होते ते गुरुवारी होता होता राहिलं. चौथ्या मजल्यावर राहणारी एक शिंपीण आहे, दुसरं बाळंतपण. कळा वेळेआधी सुरू झाल्या. तिने मला एकवीस वेळा फोन केला. एकवीस वेळा मी कुणा ना कुणा भल्या माणसाला सांगत होते की रक्त नको आहे. शेवटी तिची थोरली, नऊ वर्षांची, धावत मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता आणि बाळ निळं पडलं होतं. रडायला त्याने चार मिनिटं घेतली. मला ती चार मिनिटं आयुष्यभर पुरतील.

बाळ ठीक आहे. मी ठीक नाही. परवापासून जो फोन करतो त्याच्यावर मी ओरडते. तो बिचारा ऐकून घेतो, फोन ठेवतो, आणि मला वाटतं, रागाने अजून चौघांना पाठवतो. मला तुमचा फार राग आला आहे, आणि तो लपवून मी तुम्हाला लिहू शकत नाही.

सुईणबाई

*

५ मार्च २०२४

ताई,

राग रास्त आहे. त्या चार मिनिटांचं वाचून दोन दिवस मी दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी खारूताई म्हणाली, "बाबा, तुम्ही पाटी रंगवणारे ना? मग चूक कुठे झाली ते पाटीसारखंच बघा." आणि मला ते दिसलं. आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिली गोष्ट शिकवतात: जे हरवता कामा नये ते कडेला लिहायचं नाही. पाटीची वरची कड छपराखाली जाते, खालची दुकानदार नवं काहीतरी चिकटवून झाकतो. कोपऱ्यातली पेंटरची सही सगळ्यांत आधी जाते. मधोमध लिहिलेलं मात्र पाटी फोडल्याशिवाय जात नाही. तीस वर्षं मी हे करतो, आणि खुलासा नेमका वरच्या कडेला लिहिला.

सोबत फोटो पाठवला आहे. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर खारूताई बसली आहे. हो, तीच शिडी. तिनेच हट्ट धरला. फोटो काढेपर्यंत मी शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, म्हणून कडेला माझा कोपर आला आहे. तिच्या छातीशी जी पाटी आहे ती मी रंगवली: 'हीच ती मुलगी. रक्त मिळालं, ११ मार्च २०१३. आज बरी आहे, ३ मार्च २०२४. पाठवू नका, थांबवा.' तारीख नेमकी मध्ये आहे. ती कापायची तर मुलगी कापावी लागेल. जुना फोटो यात नाही, जुना मजकूर नाही, नंबर नाही. कुणी तोडून पुढे पाठवावं असं काही ठेवलं नाही.

मी हा कुणालाही पाठवलेला नाही. पहिल्यांदा घाई मीच केली होती. या वेळी तुम्ही म्हणाल तसं. खारूताई तुमच्या फोनवर पाठवून ठेवते आहे.

पेंटर

*

३० एप्रिल २०२४

दादा,

फोटो आल्यावर मी पहिला आठवडा काहीच केलं नाही. नुसता बघितला. मुलगी गोड आहे. तुमचा कोपरही बरा आहे.

मग विचार केला. सगळ्यांना पाठवला तर पुन्हा तेच. ज्यांना आजार नाही त्यांना औषध कशाला? तो फक्त तिथेच जायला हवा जिथे जुना मेसेज गेला आहे. आणि ती वाट कुणाला माहीत? फोन करणाऱ्यालाच.

म्हणून ओरडणं बंद केलं. आता फोन आला की आधी आभार मानते. खरंच मानते, दादा. एक अनोळखी माणूस अनोळखी पोरीसाठी हातात सुई टोचून घ्यायला निघाला आहे आणि मी महिनोन्महिने त्याच्यावर खेकसत होते. मग सांगते की मुलगी बरी आहे, तुम्हाला तिचा फोटो पाठवते, माझं एक काम कराल? हा मेसेज ज्याने तुम्हाला दिला त्याला हा फोटो द्या, आणि तुम्ही ज्यांना दिला असेल त्यांना द्या. बाकी कुणालाही नाही. त्यांनाही असंच सांगा. बहुतेक जण करतात. रक्त देण्यापेक्षा सोपं काम आहे.

एक आजोबा ऐकेनात. फोटो बनावट आहे म्हणाले, हल्ली काहीही करतात. त्यांचा नंबर खारूताईला दिला. ती त्यांच्याशी पाऊण तास बोलली. त्यानंतर त्यांनी त्यांच्या चारही गटांत फेरी मारली आणि मलाच फोन करून दटावलं की तुम्ही हे आधीच का नाही केलंत.

शंभरावरून महिन्याभरात पंचेचाळीस. मग वीस. काल सहा. परवा दुपारी फोन दोन तास वाजलाच नाही तेव्हा मला वाटलं बिघडला. आतून चार्जर आणून लावला.

आणि एक गंमत सांगते. कुणाला फोटो दिला ते विसरू नये म्हणून जवळपासच्या लोकांचं तरी मी वहीत नाव, नंबर, वस्ती लिहीत गेले. काल वही चाळली. दोनशे बारा नावं. त्यांतली बहुतेक ओ निगेटिव्ह, कारण बाकीचे लोक नुसतं पुढे पाठवतात, फोन करायची तसदी तेच घेतात ज्यांचं रक्त जुळतं. ब्लड बँकेतल्या बाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, ही यादी आम्हाला वीस वर्षांत जमली नसती. मग मी प्रत्येकाला पुन्हा विचारलं, खरी गरज पडली तर फोन करू का? नाही म्हणणारे फक्त सात.

सुईणबाई

*

१० जुलै २०२४

ताई,

तुमच्या वहीची बातमी आमच्या घरात फुटली. खारूताई दोन ऑगस्टला अठरा पूर्ण करते. म्हणते, माझं नाव घालायला सांगा.

मी नाही म्हटलं. तिला सांगितलं, तू आयुष्यात पुरेसं रक्त सांडलं आहेस. ती म्हणाली, ते माझं नव्हतंच, चौघांनी दिलेलं होतं. यावर मी उठून बाहेर गेलो, सवयीने.

डॉक्टरांना विचारून आली, ते म्हणाले देऊ शकते. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला समजतं की मी चुकतो आहे, पण छाती ऐकत नाही. तुम्ही रोज आयांना धीर देता, बापांनाही देता का?

पेंटर

*

१९ ऑगस्ट २०२४

दादा,

बापांना मी बाहेर बसवते. त्यातच त्यांचं आणि आमचं भलं असतं.

शुक्रवारचं सांगते. तुम्हाला अर्धं माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐका.

बस चालवणारी एक बाई, पहिलं बाळंतपण, गट ओ निगेटिव्ह. कार्डावर मी महिन्याभरापूर्वीच लाल शाईने लिहून ठेवलं होतं आणि वहीतल्या पाच जणांना तयार राहायला सांगितलं होतं. सकाळी सातला तिचा फोन आला. पहिल्याच वेळी लागला. मी दहा मिनिटांत तिच्या दारात होते आणि धोका दिसताच तिला रुग्णालयात हलवलं. मुलगा झाला, तीन किलो. आणि मग तिचं रक्त थांबेना.

ब्लड बँकेत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या. त्या चढवल्या. तपासण्यांना लागणारा वेळ धरता नवं रक्त साडेदहापर्यंत हवं, असं डॉक्टर म्हणाले. शिकाऊ डॉक्टरने लगेच फोन काढला, मेसेज टाकतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. "एक अक्षर टाकायचं नाही," म्हटलं, आणि वही उघडली.

वीस जणांना फोन केले. साडेदहापर्यंत चौदा आले. दादा, चौदा! तुमच्याकडे आले होते तेवढेच. ते दटावणारे आजोबासुद्धा आले. वयात बसत नव्हते, म्हणून त्याच गटाच्या नातवाला घेऊन आले. सहावी तुमची खारूताई होती; अठरा पूर्ण होताच तिने स्वतःच फोन करून वहीत नाव घालून घेतलं होतं. नोंदवहीत सही करताना म्हणाली, बाबा खाली शिडीशी, म्हणजे जिन्याशी, उभे आहेत, वर येत नाहीत.

या चौदांतल्या नवव्याच्या पिशवीला डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवली. रक्त थांबलं होतं. मी व्हरांड्यात गेले आणि उरलेल्या पाच जणांना मोठ्याने म्हटलं, "पुरे झालं. सगळे घरी जा." आयुष्यात इतकं गोड वाक्य मी उच्चारलं नाही. मग वहीत त्या दिवसाखाली लिहिलं: मिळालं, १६ ऑगस्ट २०२४, दुपारी एक दहा. खाली दोन रेघा मारल्या.

त्या दुपारनंतर रक्तासाठी एकही फोन आला नाही. बाहेर कुणाला कळलंच नाही तर येणार कुठून? बस चालवणारी बाई आज घरी गेली. जाताना तिने विचारलं की रक्त कुणी दिलं. मी वही दाखवली. तिने सगळी नावं वाचली, आणि मग तिचं आणि तिच्या नवऱ्याचंही नाव लिहायला लावलं.

तुम्ही वर आला असतात तर बरं झालं असतं. चहा चांगला होता.

सुईणबाई

*

२३ ऑगस्ट २०२४

ताई,

वर का आलो नाही ते सांगतो. जिन्यावरून तुमचा आवाज ऐकू आला. 'पुरे झालं.' ते दोन शब्द मी अकरा वर्षं लिहिले नव्हते. तुम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालात, आणि काही वाईट झालं नाही. मी खालच्या पायरीवरच बसून राहिलो. खारूताई खाली आली, हाताला पट्टी, तोंडात बिस्कीट. म्हणाली, चला बाबा, तुमची शिडी बाहेरच राहिली असेल.

खरंच राहिली होती. घरी आलो तर ती माझ्याआधी शिडीकडे गेली. डॉक्टरांनी एक दिवस चढू नको म्हटलं होतं, तेवढं मात्र मी पाळायला लावलं. रविवारी ती चढली. आमच्या दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर पुसट झालं होतं, ते तिने रंगवलं. मी शिडी धरली नाही. शेजारी उभा होतो एवढंच.

ब्लड बँकेच्या बाईंनी मला एक काम दिलं आहे. दारावर लावायला मोठी पाटी हवी: आज कुठला गट हवा, आणि मिळाल्यावर 'मिळालं'. तारखेची जागा मी मधोमध ठेवली आहे, रोज खडूने बदलता येईल अशी.

आता शेवटचं. काल सकाळी तुम्हाला एक फोन आला असेल. तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात आणि म्हणालात, "बोला, कळा सुरू झाल्या का?" पलीकडचा माणूस काही न बोलता फोन ठेवून गेला.

तो मी होतो. नंबर अजून बोटांना पाठ आहे. मला काही बोलायचं नव्हतं, फोन लागतो का तेवढंच बघायचं होतं.

लागतो.

तुमचा भाऊ,
पेंटर